बाबांचा ट्रेबल

गेल्या वर्षी आमच्या घरात तीन महिने शीतयुद्ध चाललं होतं. हत्यार एकच. ॲम्प्लिफायरवरचा ट्रेबलचा नॉब. सकाळी ऑफिसला निघताना मी तो बारावर, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखा बरोब्बर सरळ उभा ठेवून जायचे. संध्याकाळी परत आले की तो पाचावर. पार शेवटपर्यंत पिळलेला! मी काही न बोलता पुन्हा बारावर आणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचावर. बाबाही काही बोलायचे नाहीत. आई आम्हा दोघांकडे बघून म्हणायची, "त्या बटणाचा जीव जाईल एक दिवस."

या युद्धाचीच ही कहाणी. आधीच सांगून टाकते, शेवटी जिंकलं कुणीच नाही. पण त्या भानगडीत जे काही शिकले ते तुमच्याही कामाला येईल. विशेषतः यंदाचा बोनस स्पीकरवर उडवायचा तुमचा बेत असेल तर.

तर झालं असं. मार्चमध्ये हातात बोनस पडला. टीममधली अर्धी जनता थायलंडची तिकिटं बघत होती. मला मात्र एक जुना हिशेब पुरा करायचा होता. मी पाचवीत असताना बाबांनी त्यांचा स्टीरिओ विकला होता. फिलिप्सचा रेकॉर्ड प्लेअर आणि दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर. त्याच महिन्यात मला एका महागड्या क्लासला घातलं गेलं. या दोन गोष्टींचा संबंध मला कुणी सांगितला नाही, तो मी मोठी झाल्यावर आपला आपणच लावला. बँकेतून रिटायर होऊन बाबांना आता सहा वर्षं झाली. गाणं ऐकायचं ते मोबाइलवर, तेही व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं. म्हटलं, बस्स! आता घरात खराखुरा स्टीरिओ आलाच पाहिजे.

तपकीर गल्लीत चार चकरा झाल्या, दोन शोरूम पालथ्या घातल्या आणि ६० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर घेऊन आले. शोरूममध्ये ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी आणले, टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यात सारले, समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बाबांना बसवलं आणि किशोरीताईंचा भूप लावला.

बाबा डोळे मिटून दहा मिनिटं बसले. मग म्हणाले, "छान आहे गं. पण तानपुरा कुठाय?"

माझा फुगा फुस्स! आणि खरं सांगायचं तर आवाज मलाही आवडला नव्हता. किशोरीताई जणू माठात बसून गात होत्या. डग्ग्यावर थाप पडली की शोकेसच्या काचा थरथरायच्या. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले आणि अगदी गोड हसून म्हणाले, "नवीन मिक्सर घेतलात का?"

आता बोला!

ऑफिसमध्ये आमचा एक सीनियर आहे. पगाराचा निम्मा भाग स्पीकरवर आणि उरलेला बायकोची समजूत घालण्यावर खर्च करणारा. आपण त्याला हायफायबुवा म्हणू. त्याला म्हटलं, "अरे, केबल बदलू की ॲम्प्लिफायर?" तो रविवारी घरी आला. ॲम्प्लिफायरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि एक जोरदार टाळी वाजवली. आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. बुवा म्हणाला, "ऐकलंस? टाळीमागून टर्र्र आलं. तुझी खोलीच बोलतेय. स्पीकरला बोलू तरी कुठे देतेस?"

मग त्याने जो फंडा सांगितला तो असा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४४ मीटर धावतो. आमचा हॉल १४ फूट लांब, म्हणजे सव्वाचार मीटर. ज्या सुराची अर्धी लाट या लांबीत नेमकी बसते, तो सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. गणित केलं तर तो येतो ४० हर्ट्झच्या आसपास. मग त्याची दुप्पट, ८०. आपल्या डग्ग्याचा घुमारा याच टापूतला. म्हणजे डग्गा वाजला की हॉलही वाजतो! स्पीकर कोपऱ्यात ठेवला की हे घुमणं आणखी उठतं, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून तिथे बेससाठी कर्णाच बनवतात. आणि ऐकणारा समोरच्या भिंतीला पाठ टेकून बसला तर विचारायलाच नको. भिंतीलगत बेसचा दाब सगळ्यात जास्त असतो. थोडक्यात, स्पीकरसाठी आणि ऐकणाऱ्यासाठी घरातल्या सगळ्यात वाईट जागा मी शोधून शोधून निवडल्या होत्या.

"मग करायचं काय?"

"सोफा हलव."

स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आले. बाजूच्या भिंतींपासून अडीच फूट. दोघांत साडेसहा फूट अंतर आणि सोफ्यापासून दोघंही सात फुटांवर, म्हणजे जवळजवळ समभुज त्रिकोण. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला. आईने कमरेवर हात ठेवले. "आणि आम्ही चालायचं कुठून?" शेवटी तह झाला. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या, रविवारी आणि सणासुदीला स्पीकर खुणेवर आणायचे, एरवी ते मागे. तुमच्या घरी जागा नसेल तर हीच युक्ती करा. खुणा मात्र नक्की करा, कारण दोन-तीन इंचांनीही फरक पडतो.

दुसरी गोष्ट उंचीची. स्पीकरमधला छोटा गोल असतो ना, ट्वीटर, त्यातून निघणारे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. तो झोत गुडघ्यांवर पडला तर कानाला आवाज मंद, झोपाळू वाटतो. ट्वीटर बसल्यावरच्या कानाच्या उंचीला हवा. आम्ही दोन स्टुलांवर काम भागवलं.

तिसरी, चौथी आणि पाचवी गोष्ट म्हणजे ती टर्र्र. फरशी चकाचक, खिडकी मोठी, टीपॉय काचेचा. वरचे सूर या सगळ्यांवर आपटून उलटे येतात आणि आवाज एकाच वेळी कर्कश आणि गिचमिड होतो. बुवाने आरशाची युक्ती दाखवली. तुम्ही ऐकायच्या जागी बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. जिथे आरशात स्पीकर दिसला तिथून आवाज परावर्तित होऊन तुमच्याकडे येतो. त्या जागी काहीतरी मऊ किंवा ओबडधोबड हवं. आमच्या एका बाजूला पुस्तकांचं कपाट आलं, दुसऱ्या बाजूला जाड पडदा, आणि फरशीवर आजीची गोधडी. टीपॉयची रवानगी बेडरूममध्ये.

एक मात्र ध्यानात ठेवा. गोधड्या आणि पडदे फक्त वरचे सूर खातात, बेसला त्यांची फिकीर नसते. घुमतंय म्हणून घरभर सतरंज्या टाकल्या तर घुमणं तसंच राहतं आणि वरची चमक तेवढी जाते. हा इशारा बुवाने मला तेव्हाच दिला होता. मी ऐकलं नाही. का, ते शेवटी कळेल.

या हलवाहलवीत एक घोटाळाही केला. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडल्या. बेस गायब, आणि गाणारी बाई समोर न दिसता खोलीभर भुतासारखी पसरलेली. एक पडदा आत जातो तेव्हा दुसरा बाहेर येतो, दोघं एकमेकांचा बेस मारतात. वायरी सुलट केल्या आणि किशोरीताई दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये येऊन बसल्या. पुढच्या वेळी 'मजा येत नाहीये' वाटलं तर पैसे काढण्याआधी वायरी बघा!

आता मला नाद लागला होता. बुवाने मोजायचा माइक दिला, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं. ते स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत एक लांबलचक शीळ वाजवतं आणि तुमची खोली कुठला सूर फुगवते, कुठला गिळते त्याचा आलेख काढतं. पहिल्या आलेखात ८० हर्ट्झपाशी १२ डेसिबलचा उंटाचा मदार होता. सगळं हलवल्यावर तो पाचावर आला. आणखी एक कळलं. चांगल्या जमलेल्या खोलीतला आलेख टेबलासारखा सपाट नसतो, बेसकडून ट्रेबलकडे तो अलगद उतरत जातो. आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हार्मन कंपनीत आयुष्यभर यावर काम केलेल्या फ्लॉइड टूल यांनी माणसांना स्पीकर कुठला ते न दाखवता ऐकवून हेच पाहिलं. लोकांना असाच हलका उतार आवडतो.

माझा उतार जमला होता. काचा थरथरेनाशा झाल्या, खालचे काका नुसतेच हसायला लागले. तानपुरा मला अगदी लख्ख ऐकू येत होता.

आणि बाबा? बाबा नॉब पाचावर नेत होते.

इथून युद्ध सुरू झालं. मी तोवर कट्टर झाले होते. हायफायवाल्यांच्या जगात टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे जेवणाऱ्याने पानात बसल्या बसल्या वरून मीठ मागणं. गवयाचा अपमान! खरं तर हा निव्वळ सोवळेपणा. ज्या सर्किटवर जगभरचे बेस-ट्रेबलचे नॉब चालत आले ते पीटर बॅक्झंडॉल या ब्रिटिश इंजिनीअरने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलं, आणि त्याचा मोठा गुण असा की नॉब मधोमध असला की ते आवाजाला जवळजवळ हातच लावत नाही. शिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्याने ज्या स्पीकरवर ऐकून ती रेकॉर्ड जमवली ते आपल्याकडे कुठे असतात? त्याला ट्रेबल कमी वाटला असेल तर त्याने वाढवून ठेवला, आपल्या घरी तो टोचणार. मग आपण थोडा कमी केला तर काय बिघडलं? हलका आवाज ठेवून ऐकताना तर नॉब फिरवणं अगदी शास्त्राला धरून आहे. १९३३ साली बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान केला की आपल्या कानाला बेस फार जास्त प्रमाणात कमी ऐकू येतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बारावर अडून बसले. कारण आलेख माझ्या बाजूने होता ना! एकदा तर बोलूनही गेले, "बाबा, तुम्ही सगळा बॅलन्स घालवता." बाबा म्हणाले, "अगं, पण मला तो तसाच बरा लागतो." आणि थोडं थांबून, "हल्ली रेकॉर्डिंगच नीट करत नाहीत." आता किशोरीताईंचा भूप काय हल्लीचा आहे? पण त्यावर काही मी विचार केला नाही.

जुलैत बाबांना ताप आला. साधाच, पुण्यातल्या पावसाळ्यातला. मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते, बाबा सोफ्यावर तोंडात डिजिटल थर्मामीटर धरून बसले होते. तो पीं पीं पीं करून वाजला. मी कॉफी गाळली, साखर घातली, बाहेर आले. बाबा अजून थर्मामीटर तोंडात धरून, घड्याळाकडे बघत बसलेले.

"बाबा, वाजला की तो!"

"कुठे? हा बिघडलाय. कालपासून वाजत नाही."

मी तो त्यांच्या हातातून घेतला, पुसला आणि माझ्या तोंडात धरला. मिनिटभराने तो वाजला. मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळे आलेख एकदम उभे राहिले. टीव्हीचा आवाज. आईचं "अहो, मी काय म्हणते" तीनदा म्हणणं. दोन वर्षं बाबा सवाईला गेले नव्हते, "गर्दी झेपत नाही" म्हणायचे. मी खोली मोजली, स्पीकर मोजला, सोफ्याचं अंतर इंचात मोजलं. ज्यांच्यासाठी हे सगळं आणलं त्यांचा कान तेवढा राहिला.

दुसऱ्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी मळ काढला (हे आधी बघतातच) आणि ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. काचेच्या खोलीत बाबा हेडफोन लावून शाळकरी मुलासारखे बसले. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर मला मशीनचे आकडे दिसत होते. ५०० हर्ट्झ, बोट वर. १०००, बोट वर. ४००० ला आकडा वाढत गेला, वाढत गेला, आणि बाबांचं बोट मांडीवरच. ते समोर भिंतीकडे, शहाण्यासारखे बघत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

हातात आलेख आला. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. १००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ ठीक, २००० ला ४० डेसिबल, ४००० ला ६०, ८००० ला ७०. मी तीन महिने ज्या उताराच्या प्रेमात होते तोच उतार, फक्त कड्यासारखा. वयाबरोबर आतल्या कानातल्या पेशी झिजतात आणि आधी वरचे सूर जातात. ६० वर्षांपुढच्या माणसांत चारातल्या एकाहून जास्त जणांचं ऐकणं लक्षणीय कमी झालेलं असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात गोम अशी की आवाज 'लहान' होत नाही, 'अर्धा' होतो. आ, ओ, ऊ हे स्वर खालचे, ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांची ताकद वरच्या सुरांत, ती जाते. म्हणून अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतं गं, कळत नाही. नीट बोलत जा."

आणि तानपुरा? मिरजेचे कारागीर (तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं) घोडीचा माथा घासघासून जी जवारी लावतात, तारेखाली सुती दोरा केसभर सरकवून जो झणकार खुलवतात, तो सगळा वरच्या स्वरांशांचा खेळ. ते स्वरांश काढून घेतले की उरतं ते मंद गुणगुणणं, गाण्याखाली सहज बुडून जाणारं. बाबांनी पहिल्याच दिवशी बरोबर विचारलं होतं. तानपुरा कुठाय?

म्हणजे नॉब पाचावर नेणारे बाबा बरोबर होते तर! मी ऑडिओलॉजिस्टना विचारलंच, "मग ट्रेबल वाढवून चालेल ना?" त्या म्हणाल्या, "थोडाफार. पण त्याने भागणार नाही." कारण असं. ट्रेबल पूर्ण पिळून मिळतात साधारण १० डेसिबल. बाबांचा खड्डा साठाचा. शिवाय अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र तुमच्या-माझ्याइतकाच, कधी जास्तच टोचतो. नॉब बारीक-मोठं सगळंच सारखं वर उचलतो. म्हणून बाबांना एकाच रेकॉर्डमध्ये तानपुरा ऐकू यायचा नाही आणि तार सप्तकातली तान आली की ते कान झाकायचे. श्रवणयंत्र बारीक आवाजाला जास्त उचलतं, मोठ्याला कमी. तेही ज्या सुराला जेवढी गरज तेवढंच.

बाबा यंत्राला तयार झाले का? छे! "मी काय म्हातारा आहे?" इथपासून सुरुवात. महिनाभर घरात तो विषय निघाला की ते पेपर उघडायचे. शेवटी आईने तोडगा काढला. एवढंच म्हणाली, "माझं अर्धं बोलणं तुम्ही गेली चार वर्षं ऐकलंच नाहीये. मी परत सगळं सांगणार नाही, पण पुढचं तरी ऐका." त्यावर बाबांकडे उत्तर नव्हतं.

पहिला आठवडा भयंकर गेला. पेपर केवढा खडखडतो! भांडी का आपटता? पंख्याला आवाज आहे? बाबा वैतागून यंत्र डबीत ठेवून द्यायचे. डॉक्टर म्हणालेच होते, मेंदूला हे सूर विसरून वर्षं झालीत, रोज थोडा वेळ घालत जा. त्यांनी रोज दोन तास घातलं. मग एक दिवस गाणं लावलं आणि हाक मारली. "हा तानपुरा आहे की बेडूक? थरथरतोय नुसता."

बाबा गंमत करतायत असं मला वाटलं. पण ऑडिओलॉजिस्ट हसल्या नाहीत. यंत्र शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते, ती एकसुरी लांब आवाज दिसला की त्याला शिट्टी समजून दाबायला धावते. तानपुऱ्याइतका लांब, एकसंध सूर दुसरा कुठला? बिचारं यंत्र तानपुऱ्याशी लढत होतं! त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला. त्यात ती सोय मंद, गोंगाट गाळायची सोय बंद. तुमच्या घरात यंत्र असेल आणि गाण्याचा नाद असेल, तर हे मागून घ्या. न मागता कुणी देतंच असं नाही.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी स्पीकर खुणेवर आले. बाबांनी यंत्र चढवलं, प्रोग्रॅम बदलला. मी पुन्हा तोच भूप लावला. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा वाजतो, ते काही क्षण. बाबा ताठ बसले. पंधरा-वीस सेकंदांनी म्हणाले, "जवारी काय लागलीये बघ." बस्स, एवढंच. मग डोळे मिटले.

मध्येच उठले आणि ॲम्प्लिफायरपाशी गेले. मी श्वास रोखून बघत होते. नॉब पाचावर होता. त्यांनी तो मागे आणला, बारावर नेला, मान हलवली, आणि पुन्हा पुढे एकावर आणून सोडला.

"बारावर जरा मंद वाटतं गं."

मी तोंड उघडणार होते. मग गप्प बसून ऐकलं. आणि च्यायला, खरंच एकावर बरं वाटत होतं! टर्र्र घालवायच्या नादात मी गोधडीवर सतरंजी, सतरंजीवर उशा, खिडकीला दुसरा पडदा असं रचत गेले होते. वरची चमक खोलीनेच खाल्ली होती. माझा बारा वाजलेला नॉब मुळात बारावर नकोच होता. सतरंजी काढली, बघू म्हटलं. आता तो साडेबारावर असतो. कधी एकावर.

यंत्राने सगळं परत आलं असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात बाबा अजूनही गडबडतात. पण डिसेंबरात आम्ही सवाईला गेलो. एक दिवसच.

तर दोस्तांनो, या वीकएण्डला हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. सोफा पुढे ओढा, स्पीकर कोपऱ्यातून सोडवा, वायरी तपासा, आरसा फिरवा. एक रुपया खर्च न करता स्पीकर नवा झाल्यासारखा वाटेल. इअरफोनवाल्यांनो, तुम्हीही जरा सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा, आणि लोकलमध्ये किंवा बसमध्ये आवाज वाढवला की ती कधी ओलांडली ते कळतही नाही.

आणि हो, एक काम अजून. घरी गेलात की थर्मामीटर काढा. आई-बाबांच्या शेजारी बसून तुमच्याच तोंडात धरा. वाजला की काही बोलू नका. फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.